साखरेची चार पोटं

३ फेब्रुवारी

बोक्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू ओरडतोस, मग मी ओरडते, मग वहिनी फोन हिसकावून घेते आणि मूळ विषय राहतो बाजूला. म्हणून यापुढे महत्त्वाचं बोलणं कागदावर. कागदावर तुला मधेच तोंड घालता येत नाही.

तर ऐक. मी पोटाचं ऑपरेशन करून घेणार आहे. वजन कमी करायचं. उभा असशील तर खाली बस.

आता तू म्हणणार, खाणं कमी कर ना! अरे बाबा, ते सगळे प्रकार करून झाले. उकडलेलं खाल्लं, कच्चं खाल्लं, नुसतं बघून समाधान मानलं. दर वेळी दहा किलो गेले आणि येताना आणखी दोन पाहुणे घेऊन आले. शिवाय आता गोष्ट वजनावर राहिलेली नाही. गेल्या महिन्यात भट्टीतून काढलेला ट्रे पायाला टेकला आणि मला कळलंच नाही. वास आला तेव्हा वाटलं, बिस्किटं करपली. खाली बघते तर माझाच पाय! रक्तातली साखर इतकी वाढली आहे की पायांची जाणीव चालली आहे. जखम भरली, काळजी करू नकोस. पण मी मनातून हादरले.

सर्जनबाई चांगल्या आहेत. बारीक, चटपटीत, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणाऱ्या. त्यांनी वेगवेगळे मार्ग सांगितले. मला त्यातलं स्लीव्ह पसंत आहे. म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढायचा आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवायची. दुसरं बायपास. तेही चांगलं म्हणतात, पण त्यानंतर गोड पोटात गेलं की काही जणांना दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, आडवं व्हावं लागतं. आता सांग, माझं कामच गोड चाखायचं. क्रीमचा प्रत्येक घाणा माझ्या जिभेवरून गेल्याशिवाय मालकीणबाई केकला लावू देत नाहीत. जीभ गेली तर मी त्या दुकानात काय, खोकी बांधू? तेव्हा स्लीव्ह. बाकी मला कसलाही त्रास नाही, असं मी बाईंना सांगितलं आहे.

वहिनीला आणि चिमणीला खूप खूप प्रेम. चिमणीला म्हणावं, आत्या बारीक झाली तरी लाड जाडच राहतील.

ताई

११ फेब्रुवारी

ताईसाहेबांच्या सेवेशी, नमस्कार पोचला असं समजून पुढे वाचावं.

खाली बसलो होतो, तरी उठलो. तुला वेड लागलंय का?

हे बघ, मी इथे पंधरा मजल्यांच्या इमारतीत पाण्याचे पाइप टाकतोय. बावीस वर्षांत एक गोष्ट शिकलो. प्लंबर कधीही न विचारता कापत नाही, आणि कापलं तरी मधे कॉक ठेवतो, म्हणजे चुकलं तर मागे फिरता येतं. तू तर थेट टाकीच कापून भंगारात द्यायला निघालीस! मी चौकशी केली. आमच्या सुपरवायझरच्या मेव्हणीने पोटाला कडं घालून घेतलंय. कडं! काही कापायचं नाही, नको झालं तर काढून टाकायचं. ही खरी प्लंबिंगची पद्धत. तुला हे बाईंनी सांगितलं नाही, की सांगितलं आणि तू ऐकलं नाहीस? मला दुसरं जास्त खरं वाटतं.

आणि हे खूळ कुठून आलं तेही मला माहीत आहे. दुकानाच्या नव्या बोर्डासाठी फोटो काढला तेव्हा त्या फोटोग्राफरने तुला अगदी कडेला उभं केलं आणि वर म्हणाला, 'मॅडम, जरा तिरक्या व्हा.' तू हसत हसत सांगितलंस, पण मी तुला ओळखतो. त्या टिनपाट माणसासाठी तू पोट कापून घेणार? त्याचा पत्ता पाठव, मी त्याला तिरका करून येतो.

आता खरं सांगतो. मला भीती वाटते. आई गेली तेव्हा मी सातवीत होतो. डबा तू दिलास, फी तू भरलीस, पहिला पाना तू घेऊन दिलास. तू तिथे टेबलावर आडवी असणार आणि मी इथे पाइपाच्या आट्यांना दोरा गुंडाळत बसणार, हे मला जमणार नाही. बस, एवढंच आहे. बाकी सगळा पाल्हाळ होता.

तुझी वहिनी म्हणते, 'ताईंना जे करायचं ते करू द्या.' तिला तुझ्या बाजूची वकील म्हणून ठेवून घे.

तुझा, बोका

१८ फेब्रुवारी

बोकोबा,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग डोळे पुसले, मग राग आला. शेवटचं टिकलं, म्हणून हे पत्र.

फोटोग्राफर गेला खड्ड्यात. माझ्या पायाला विस्तव कळत नाही आणि हा फोटोचं घेऊन बसलाय! मला अजून वीस वर्षं स्वतःच्या पायांवर उभं राहून केक करायचे आहेत. त्यासाठी चाललंय हे सगळं.

तुला हातात घेतल्याशिवाय काही कळत नाही, हे मला तुझ्या लहानपणापासून ठाऊक आहे. बाईंनी कागदावर चित्रं काढून दाखवली, तीसुद्धा मला दुकानात येऊन फॉन्डन्टमध्ये करून बघितल्यावरच नीट समजली. फॉन्डन्ट म्हणजे रे, साखरेची मळलेली कणीक, केकवर फुलं करतो ती. सोबतच्या खोक्यात चार जठरं पाठवते आहे. हा दुसरा संच आहे. पहिला रॅकवर सुकायला ठेवला होता, तर काउंटरवरच्या काकांना वाटलं नवीन माल आला. त्यांनी स्लीव्ह केळं म्हणून विकलं! गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत आलं आणि म्हणालं, 'तसली अजून सहा द्या, पोरांना फार आवडली.'

आता एकेक हातात घे. गुलाबी ते माझं सध्याचं, जसं आहे तसं. पिवळं म्हणजे तुझं लाडकं कडं. वरच्या भागाला पट्टा आवळलाय बघ. कातडीखाली एक छोटी डबी बसवतात आणि तिच्यातून पाणी आत-बाहेर करून पट्टा घट्ट-सैल करतात. ऐकायला झकास. पण बाई म्हणाल्या, ते घसरतं, कधी जठरात रुततं, वजन तेवढं उतरत नाही, आणि पुष्कळांना काही वर्षांनी ते काढायला परत टेबलावर जावं लागतं. म्हणून आता फारसं कुणी घालत नाही. सुपरवायझरच्या मेव्हणीला सुखात राहू दे.

हिरवं ते स्लीव्ह. कापलेला भाग परत येत नाही, हे तुझं खरं आहे. पण त्या भागात भूक लावणारं काहीतरी तयार होतं, तेही त्याच्याबरोबर जातं. पांढरं ते बायपास. वर अंड्याएवढी पिशवी, तिला थेट खालचं आतडं जोडलेलं. बाकीचं जठर आतच राहतं, पण अन्न तिकडे जात नाही. त्यात जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या चुकवून चालत नाही. तशा स्लीव्हमध्येही घ्याव्या लागतात, पण इथे जास्त कडक शिस्त. दोन्ही ऑपरेशनं छोट्या छिद्रांतून करतात. धोका नाही असं बाई म्हणाल्या नाहीत, आणि म्हणूनच मला त्या आवडल्या.

झालं समाधान? आता फाटे फोडू नकोस.

ताई

२७ फेब्रुवारी

ताई,

खोकं मिळालं. बातमी वाईट आहे. बायपास चिमणीने खाल्लं. आधी पिशवी, मग आतडं, सगळं सफाचट. कडं वहिनीने फ्रिजमध्ये वर ठेवलंय, शेजारीण विचारत होती 'हे काय', तर वहिनी म्हणाली, 'नणंदेचं पोट.' शेजारीण चहा न घेताच गेली.

मला समजलं सगळं. कड्याचं माझं बोलणं मी मागे घेतो. पुन्हा म्हणून नाव काढणार नाही.

पण आता माझा एक प्रश्न आहे आणि त्याला तू टोलवू नकोस. ते गुलाबी, तुझं सध्याचं, मी चिमणीच्या विज्ञानाच्या पुस्तकाशेजारी ठेवलं. पुस्तकात अन्ननलिका त्या श्वासाच्या पडद्यातून खाली येते आणि जठर पडद्याच्या खाली सुरू होतं. तू पडदा केलायस, पातळ, सुरेख. पण तुझ्या जठराचा लिंबाएवढा फुगा पडद्याच्या वर आलाय. उरलेल्या दोन्हींत तो नाही. मला वाटलं पोस्टात दाबलं गेलं असेल. पण दाबलेलं फॉन्डन्ट चपटं होतं, गोल होत नाही.

मग काय, रुमालात गुंडाळून साइटवरच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर आधी दोन पावलं मागे सरकले. साखरेचं आहे म्हटल्यावर जवळ आले, फिरवून बघितलं आणि म्हणाले, 'हे ज्यांचं आहे त्यांचं जठर वर सरकलंय. त्यांना जळजळ फार होत असणार. अशा माणसाला स्लीव्ह केलं तर जळजळ खूप वाढू शकते. त्यांच्या सर्जनना हे माहीत आहे ना?'

ताई, तू मागे आमच्याकडे आलीस तेव्हा चारही दिवस आरामखुर्चीत बसून झोपलीस. गादी मऊ आहे म्हणालीस. पर्समध्ये ती औषधाची गुलाबी बाटली होती, चिमणी तिला आत्याचं सरबत म्हणायची. तू सर्जनबाईंना हे सांगितलंयस का? हो की नाही, एवढंच लिही.

बोका

४ मार्च

बोक्या,

दुकानात घाई होती, बोट लागलं असेल. साखरेची वस्तू आहे ती, एक्स-रे नाही. लोक माझ्या केकवरचे घोडे बघून 'गाढव छान झालंय' म्हणतात, तेव्हा मी काय डॉक्टरकडे जाते?

जळजळ कुणाला होत नाही? बाईंनी विचारलं होतं, मी म्हटलं, कधीतरी होते. झालं.

पोट माझं आहे. साइटवर फिरवायला दिलं नव्हतं.

ताई

९ मार्च

ताई,

तुझे घोडे मी पाहिलेत. खुरांना नालसुद्धा असतात. तुझा हात घसरत नाही गं. तुला खोटं लिहिता येतं, खोटं करता येत नाही. तो फुगा तू कुठेतरी बघितलास, म्हणूनच केलास.

तुझ्या पाठीमागे बाईंना फोन करणार नाही. वहिनी म्हणत होती करा, मीही नंबर शोधून ठेवला होता, पण नाही करणार. हे तूच सांगायचं. तू का लपवतेस ते माझ्या लक्षात आलंय. बाई बायपास म्हणतील आणि मग गोड चाखायचं कसं, हेच ना?

ताई, मालकीणबाईंना तुझी जीभ लागत असेल. मला तू लागतेस. अख्खी. तुला चव कळली काय, नाही कळली काय, खोकी बांधलीस काय, मी तुझाच भाऊ राहणार आहे. पण पुढची पंचवीस वर्षं तू खुर्चीत बसून झोपायचंस, आणि एवढं मोठं ऑपरेशन करून वर आणखी दुखणं विकत घ्यायचंस, हे मला बघवणार नाही.

रागाव. पण सांग त्यांना.

बोका

३० मार्च

बोक्या,

तीन आठवडे लिहिलं नाही, कारण पहिला आठवडा मी तुझ्यावर चिडले होते, दुसरा आठवडा स्वतःवर, आणि तिसऱ्या आठवड्यात तपासण्या चालल्या होत्या.

तुझं बरोबर होतं. ते मी पाहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका डॉक्टरांनी घशातून दुर्बीण घातली होती, तेव्हा त्यांनी पडद्यावर दाखवलं, 'हे बघा, वर सरकलंय.' मी गोळ्या घेतल्या आणि विषय पोटात ठेवला. गुलाबी जठर करायला बसले तेव्हा सरळ बिनफुग्याचं करणार होते. मनापासून! पण हाताने केला तो फुगा. दोनदा मोडला, दोनदा परत केला. शेवटी म्हटलं, जाऊ दे, पाइपवाल्याला काय कळणार.

सर्जनबाईंकडे गेले. खुर्चीत बसल्या बसल्या सगळं ओकून टाकलं. जळजळ, खुर्ची, बाटली, सगळं. त्या चष्मा शोधायच्या थांबल्या. म्हणाल्या, 'आधी का नाही सांगितलंत?' मी म्हटलं, 'तुम्ही बायपास म्हणाला असतात.' बाई म्हणाल्या, 'म्हटलंच असतं. त्याचीच तर फी घेते मी!' मग दोघी हसलो. मला हसता हसता रडू आलं, आणि त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला, जसं काही रोजचंच.

दुर्बीण पुन्हा घातली. अन्ननलिका खालून लाल झाली आहे. बाईंनी समजावलं, स्लीव्हची नळी अरुंद, आतला दाब जास्त, आणि वरचं दार माझं आधीच सैल. आम्ल सगळं वर आलं असतं आणि कदाचित एक-दोन वर्षांत तेच ऑपरेशन बदलून बायपास करायला परत जावं लागलं असतं. बायपासमध्ये त्या छोट्या पिशवीत आम्ल फारसं तयारच होत नाही. वर सरकलेलं तेव्हाच खाली घेऊन नीट करतील. साखरेलाही बायपासचा उपयोग बहुधा जास्त होईल म्हणाल्या. हमी मात्र कशाचीच दिली नाही.

आणि जिभेचं मी विचारलंच. आहार सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, कणभर जिभेवर ठेवून थुंकायला कुणाची हरकत नाही, घाम फुटतो तो गोड पोटात गेल्यावर. पण ऑपरेशननंतर चव बदलू शकते. काहींना आवडतं ते नकोसं होतं, काहींना काहीच फरक पडत नाही. माझं काय होईल, आधी सांगता येत नाही. बोक्या, हे ऐकून मी त्यांना तेच पुन्हा दोनदा विचारलं. मी दुसरं काय आहे रे? दिसायला यथातथा, शिक्षण दहावी, गाणं येत नाही. एक जीभ होती.

तरी बायपास ठरवलं. मालकीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, 'तोवर मी चाखते.' देवा रे! त्यांना साखरेऐवजी मीठ पडलंय हे चहा संपल्यावर कळतं.

तारीख २२ एप्रिल. आधीचे दोन आठवडे नुसतं पातळ प्यायचं, यकृत आक्रसून बाईंना आत काम करायला जागा व्हावी म्हणून. म्हणजे कोपरापर्यंत क्रीममध्ये आणि पोटात सूप! नुसत्या विचारानेच माझं तोंड तुरट होऊ लागलंय. तुझ्यावर चिडले होते, ते आता संपलं. वाचलास.

तुझी, ताई

५ एप्रिल

ताई,

शाब्बास! तुझं पत्र वहिनीने मोठ्याने वाचलं. 'पाइपवाल्याला काय कळणार' हे वाक्य तिने तीनदा वाचलं.

मी येतोय. वीस तारखेला पोचतो, दोन आठवड्यांची रजा टाकली आहे. सुपरवायझर कुरकुरला, तर म्हटलं, तुमच्या मेव्हणीच्या कड्याची मला सगळी माहिती आहे. लगेच सही केली.

येईन तेव्हा तुझ्या सर्जनबाईंना जोडणीबद्दल थोडं विचारणार आहे. गळती कशी तपासतात, टाके कसले वापरतात. तू मधे बोलू नकोस, हे दोन कारागिरांचं बोलणं आहे.

जिभेचं म्हणशील तर मला काही सांगता येत नाही. खोटा धीर देणार नाही. पण तू दिसायला यथातथा आहेस हे मात्र साफ खोटं. वहिनीला विचार. तिने आमच्या लग्नात मला सोडून तुझंच कौतुक केलं होतं.

सूप पी. चोरून क्रीम चाटू नकोस. मला कळेल.

बोका

२१ जून

बोक्या,

तू गेल्यावर घर फार शांत झालं. सर्जनबाई अजून तुझी चौकशी करतात. म्हणतात, 'तुमचे भाऊ पुन्हा आले की मला आधी कळवा, मी सुट्टी घेते.'

माझं बरं चाललंय. शहाण्यासारखी खाते. छोटे घास, सावकाश, जेवताना पाणी नाही. एकदा घाई केली, ते सगळं लगेच परत आलं, तेव्हापासून घाई बंद. गोळ्या चुकवत नाही. साखर उतरायला लागली आहे, इन्सुलिनची सुई निम्म्यावर आली. पाय अजून तसेच आहेत, त्यांना वेळ लागेल म्हणाले, आणि कदाचित पूर्ण परत येणारही नाहीत. रोज आरसा घेऊन तळवे बघते. वजनाचा आकडा तुला सांगणार नाही, तू सगळ्या साइटला सांगशील.

आता मुख्य गोष्ट. काल परत कामावर गेले.

सगळं कसं ओळखीचं, आणि तरी मी दारात पाहुण्यासारखी उभी. एवढे दिवस मालकीणबाई चाखत होत्या. काका हळूच म्हणाले, 'आलात, बरं झालं, गिऱ्हाइकं सोशिक आहेत म्हणून निभावलं.' मग मालकीणबाईंनी क्रीमचं भांडं पुढे ठेवलं. तेच क्रीम, माझ्याच मापाचं, इतकी वर्षं रोज केलेलं. सगळे आपापलं काम सोडून माझ्या तोंडाकडे बघायला लागले. चमच्याच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढं घेतलं आणि जिभेवर ठेवलं.

बोक्या, पहिल्या क्षणाला काहीच नाही. वाटलं, गेली. आणि मग एकेक यायला लागलं. दूध आलं, लोणी आलं, व्हॅनिला आली, आदल्या दिवशीचं भांडं नीट धुतलेलं नाही हेसुद्धा आलं. आणि त्या सगळ्यावर साखर! इतकी साखर की दात शिवशिवले. मी थुंकले, चूळ भरली आणि म्हटलं, 'हे एवढं गोड कुणी केलं?' मालकीणबाई म्हणाल्या, 'तुमचंच माप आहे. कायम एवढंच असतं.'

कायम एवढंच! एवढी वर्षं मी लोकांना हे खाऊ घातलं आणि एकानेही हूं की चूं केलं नाही! मी तिथल्या तिथे साखर कमी करून दुसरा घाणा लावला. चाखला, अजून थोडी कमी केली. तिसरा जमला. असा जमला की मालकीणबाईंनी बोट घातलं, काकांनी बोट घातलं, आणि नंतर भांडं धुवायची फारशी गरज राहिली नाही. मी एप्रनमध्ये तोंड खुपसून रडले. जीभ आहे रे माझी! पूर्वीपेक्षा जास्त आहे!

आणि एक तुला सांगायचं राहिलं, ते मी तिथे कुणाला सांगितलं नाही. ते तिसरं क्रीम आजवरचं सगळ्यात चांगलं झालं होतं. ते चाखलं, चमचा खाली ठेवला, आणि केकला लावायला घेतलं. अर्धा केक झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मला दुसरा चमचा घ्यावासा वाटलाच नव्हता.

ताई